दाढेतल्या चांदीवरचे थर

ट्रेमधला तो तुकडा चिमट्यानं उचलून मी भिंगाखाली धरला आणि पहिल्यांदा मला रागच आला. कुठल्या गाढवानं ही खाच कोरली होती? दाढेच्या पाठीवर निसर्गानं जेवढ्या घड्या दिल्यात तेवढ्याच भरावात उठवायच्या असतात. इथं एक जास्तीची खाच बाहेरच्या अंगाला ओढली होती, अगदी मन लावून. असली हौस फक्त विद्यार्थी करतात. मी तुकडा उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि चिमटा खाली ठेवून खुर्चीत बसले. ते गाढव मीच होते.

मी डॉक्टर उर्मिला ढगे. खामगावात माझा दातांचा दवाखाना होता, पस्तीस वर्षं चालवला. आमच्या गावची चांदीची पेठ मोठी, त्यामुळे लोक म्हणायचे, डॉक्टरीणबाईंनीही चांदीचंच दुकान थाटलं. साठी उलटल्यावर दवाखाना बंद केला आणि या सरकारी केंद्रात थरवाचक म्हणून बसले. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा बरं. घरी बोलायला कुणी नव्हतं. मूल झालं नाही, आणि नवरा सोळा वर्षांपूर्वी शाळेत जाऊन येतो म्हणून गेला तो आलाच नाही.

ती खाच त्याच्या दाढेतली होती.

थांबा, आधी हे केंद्र काय करतं ते सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी काहीतरी बरळते.

लोक तिला चांदी म्हणतात, पण दाढेत जी भरायचे तिच्यात निम्मा पारा असायचा. चांदी, टिन आणि थोडं तांबं यांची पूड पाऱ्यात खलली की लोण्यासारखा गोळा होतो. तो खड्ड्यात दाबायचा, तासाभरात घट्ट होतो. दीडशे वर्षं जगानं हे केलं आणि लाखो दाढा वाचवल्या. पण तोंड ही काही साधी जागा नाही. तिथं चोवीस तास ओल, वर गरम चहा, चिंच, कांदा, मीठ. टिन आणि पारा यांची जिथं जोडी जमलेली असते तो भाग सगळ्यात कच्चा, तो आधी गंजतो. टिन पाऱ्याला सोडतं आणि पाण्यातल्या क्लोराइडला जाऊन मिळतं. हा गंज धातू आणि दात यांच्यामधल्या फटीत साचत जातो. गंमत म्हणजे त्यानंच फट बुजते. नवी चांदी झिरपते, जुनी झिरपत नाही, ती स्वतःच्याच गंजानं घट्ट बसलेली असते.

पाऱ्याचे भराव जगभर बंद झाल्यावर सरकारनं जुने भरावही काढून घ्यायची मोहीम काढली. शिबिरात जायचं, म्हातारी चांदी काढून द्यायची, तिथं पांढरा भराव घालून मिळतो. स्मशानातल्या दाहिनीत ठेवण्याआधी मृताच्या दाढेतली चांदीही काढतात, धुरातून पारा हवेत जाऊ नये म्हणून. असे तुकडे गोळा झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की हा गंज झाडाच्या वर्तुळांसारखा थराथरानं चढतो आणि प्रत्येक थरात त्या वेळी माणूस पीत असलेलं पाणी अडकून बसतं. उन्हाळ्यात तोंड कोरडं पडतं तेव्हा थर दाट, पावसाळ्यात सैल. कुठल्या गावच्या पाण्यात कधी फ्लोराइड वाढलं, कुठं क्षार वाढले, हे सगळं म्हाताऱ्यांच्या दाढेत लिहिलेलं. आमचं यंत्र बारीक किरणानं एकेक थर जाळतं, त्याच्या वाफेतून तो काय होता ते सांगतं, आणि गावोगावच्या पाण्याच्या नमुन्यांशी ताडून पाहतं. आमच्याकडे पूर्णेकाठचा खारपाणपट्टा असल्यामुळे ज्या तुकड्यावर खाऱ्या पाण्याची जराशी खूण दिसेल तो, देशात कुठंही निघालेला असो, शेवटी खामगावला येतो.

नावं मात्र येत नाहीत. डबीवर एक आकडा असतो, बस्स. माणूस कोण, तुकडा कुठल्या शिबिरातून आला, शिबिरातून आला की स्मशानातून, काही सांगत नाहीत. वाचणाऱ्याचं मन आधीच कलू नये म्हणून.

आता खाचेची गोष्ट.

दातांच्या कॉलेजात शेवटच्या परीक्षेला पेशंट आपला आपण आणावा लागतो, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. तोही हवा तसाच: खालची पहिली दाढ, कीड दोन दातांच्या मधे, समोरची दाढ शाबूत. परीक्षेच्या महिन्यात आम्ही पोरी नागपूरभर लोकांच्या तोंडात डोकावत फिरायचो. माझा ठरलेला पेशंट ऐन परीक्षेच्या सकाळी मेव्हण्याच्या लग्नाला निघून गेला. मी रडवेली होऊन कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीवर उभी होते, तर एक उंच मुलगा मित्राच्या कसल्याशा बोलण्यावर तोंड भरून हसला. डावीकडे खाली, पहिली दाढ, कीड अगदी हवी तशी. मी सरळ जाऊन त्याला तोंड उघडायला सांगितलं. तो घाबरला. मी दाताच्या कण्या केल्या तेव्हा कुठं कबूल झाला, तेही एका अटीवर: भरणार तो धातू काय असतो ते नीट सांगायचं. तो पाण्याच्या रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होता. नाव वासुदेव ढगे, गाव टाकळी खारी.

घाईत माझा हातमोजा फाटला. गोळा पिळून झाला की तो उघड्या तळहातावर मळायचा नसतो, घामातलं मीठ त्यात जातं आणि पुढं भराव फुगतो, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून घोकून घेतात. आणि दर वर्षी कुणीतरी हमखास मळतंच. त्या वर्षी मी मळला. वर आणखी शहाणपणाची ती खाच कोरली. परीक्षक पुढच्या खुर्चीकडे वळले होते, मी पास झाले. महिन्याभरानं भराव फुगला, आणि वासुदेव ढगे गालावर हात धरून माझा पत्ता शोधत आले. मी घासून बसता केला. पुन्हा फुगला, पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा दाढ दुखत नव्हती.

लग्नानंतर ते खामगावच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. मी त्यांना मास्तर म्हणायची, ते मला डॉक्टरीणबाई. बावीस वर्षं आम्ही असा संसार केला की शेजारणी नावं ठेवायच्या, या वयात काय एवढं हसायचं असतं म्हणून. मी तरी काय करणार? हसवणाऱ्याच्याच घरात पडले होते.

टाकळी खारी खामगावपासून तासाभरावर, खारपाणपट्ट्याच्या ऐन मध्यात. पाणी असं की डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. अख्ख्या गावात एकच विहीर जरा बरी, तिला गोडी विहीर म्हणायचे. मास्तरांच्या डोक्यात लहानपणापासून एकच गोष्ट होती, गावाला गोड पाणी पाजायचं. त्यांनी खटपट करून शाळेमागं खारं पाणी गोडं करायचा प्रकल्प उभारला. निम्मं पाणी गोडं होऊन येतं आणि उरलेल्या निम्म्यात सगळ्याचे क्षार गोळा होतात. ते जहर कुठंतरी टाकावं लागतं. मास्तरांनी त्यासाठी काळ्या मातीत मोठा खड्डा खणला. काळी माती ओली असली की पाणी सोडत नाही, हे त्यांचं गणित बरोबर होतं. पण काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून सगळा खार खाली गेला आणि दोन वर्षांत गोडी विहीर इतर विहिरींपेक्षाही खारी झाली. टाकळीत जन्मलेल्या माणसाला टाकळीची माती कळली नाही.

गावानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. बायकांनी नुसत्या घागरी विहिरीवर उपड्या ठेवल्या आणि घरी गेल्या. मास्तरांनी ते पाहिलं. त्यानंतर ते घरात हसले नाहीत. आणि एका सकाळी फोन टेबलावर ठेवून गेले.

मी काय काय केलं नाही? पोलीस केले, पेपरात फोटो दिला, दवाखाने पाहिले. टाकळीला जाऊन ऐन विहिरीवर उभी राहिले आणि अख्ख्या गावाला वाट्टेल ते बोलले. तुम्ही माझा माणूस घालवलात, आता या घरात कुणी त्याचं नाव काढायचं नाही, असं जावेला सांगून आले. त्यानंतर त्या गावात पाऊल टाकलं नाही.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. माझा थोरला भाऊ बापूदादा दर वर्षी म्हणायचा, उर्मे, सात वर्षांनी कायदासुद्धा माणूस गेला असं धरतो, त्याची घागर भर, तो तिकडं तहानलेला असेल. मी दर वर्षी भांडायची. पण यंदा थकले होते. संक्रांतीला तो आला तेव्हा मी म्हटलं, बरं दादा, भरते या आखाजीला. तो गेल्यावर मी दार लावून बसले आणि माझ्या मनानं मास्तरांना मारून टाकलं म्हणून फार फार वाईट वाटून घेतलं.

आणि त्यानंतर महिन्याभरानं हा तुकडा माझ्या ट्रेमध्ये.

आता तुम्ही म्हणाल, मग वाट कसली पाहायची, लावा यंत्राला. तिथंच तर पेच होता. गंज बाहेरून आत सरकतो. सगळ्यात जुना थर बाहेर, दाताच्या बाजूला. सगळ्यात ताजा आत, न गंजलेल्या धातूला लागून. ताज्यापर्यंत पोचायचं तर वरचं सगळं जाळावं लागतं. मास्तर कुठं आहेत, आहेत की नाहीत, हे शेवटच्या थरात. जिवंत माणसाचा शेवटचा थर स्वच्छ लाळेचा असतो. मेलेल्याच्या तोंडात त्यावर गंधकाचा काळा पापुद्रा चढतो. ते वाचायचं तर आधी आमची बावीस वर्षं यंत्रात घालायची. माझ्याकडे त्यांचं होतं काय? एक शर्ट, चष्म्याचं घर, आणि आता हे. हे तर त्यांच्या तोंडात माझ्या हातानं गेलेलं, माझ्यासमोर चढलेलं. डबी बंद करून पर्समध्ये टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. वाचण्याजोगा नाही असा शेरा मारला की प्रश्न मिटला.

ती डबी मी दोन दिवस खणात ठेवली. खण उघडायची, बघायची, लावायची. जवळ ठेवलं तर आशा राहील, वाचलं तर एक काहीतरी कळेल, आणि कदाचित तो काळा पापुद्राच असेल. पण शेवटी माझ्या एक लक्षात आलं. ती बावीस वर्षं मला ठाऊक होती. ती वाचायला मला यंत्र नको होतं. आणि ज्या सोळा वर्षांनी मला आतून पोखरलं होतं ती फक्त इथंच होती.

सकाळी मी यंत्र सुरू केलं.

पहिला थर नागपूरच्या नळाचा. आमची परीक्षा झाली ते वर्ष. हिरवी रेघ पडद्यावर उमटली, यंत्रानं वाचली आणि ती जागा काळी पडली. मग खामगावचं पाणी. मग मधेमधे टाकळीचं, आम्ही सणाला जायचो तेव्हाचं. एका थरात क्षार एकदम कमी दिसले, तेव्हा मास्तरांना टायफॉइड झाला होता आणि मी महिनाभर उकळलेलं पावसाचं पाणी पाजत होते. एका वर्षी आम्ही दोघांनी चहा सोडायचा पण केला आणि तो दिवाळीपर्यंत टिकवला, तेही दिसलं. मी प्रत्येक रेघ ओळखत गेले आणि प्रत्येक रेघ जळत गेली. मधे एकदा यंत्र थांबवून मी बाहेर जाऊन चहा प्यायले. परत आले तेव्हा पडद्यावर आमच्या लग्नाचं अर्धं आयुष्य राहिलं होतं. माझा हात बटणापाशी अडला. मग मनात म्हटलं, उर्मिले, दात कोरून पोट भरत नाही, आणि दाबलं.

दुपारी ते वर्ष आलं. खामगावचं पाणी एका रेषेवर तुटलं.

पुढं कमालीचं स्वच्छ पाणी. डोंगरातलं, झऱ्याचं, जवळजवळ मीठच नाही. यंत्रानं ताडून सांगितलं: सातपुड्याच्या पलीकडे, तापीच्या वरच्या अंगाला. म्हणजे ते हिमालयात नव्हते, काशीला नव्हते. डोंगराच्या त्या बाजूला होते. मला इतका संताप आला की मी त्या यंत्राशीच बोलले, एवढ्या जवळ बसून माझ्या जिवाला घोर लावलात म्हणून.

आणि मग ती रेघ दिसली. स्वच्छ पाण्याच्या थरात, दाट उन्हाळ्याच्या ऐन मध्यात, केसासारखी एक खारी रेघ. मला वाटलं यंत्र चुकलं. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागी तीच रेघ. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. आठवडाभर कुणी खारं पाणी प्यावं तेवढ्याच जाडीची. दर वर्षी, वैशाखात.

मी नमुन्यांशी ताडायला लावलं. खारपाणपट्ट्यातल्या हजारभर विहिरींतून यंत्रानं एक काढली. त्याला शंका नव्हती, कारण त्या पाण्यात एक असा पदार्थ होता जो जमिनीत आपोआप नसतो. पाणी गोडं करायच्या प्रकल्पात जाळ्यांवर क्षार बसू नयेत म्हणून फॉस्फोनेट घालतात. ते टिनला घट्ट धरून बसतं. पट्ट्यातल्या एकाच विहिरीत ते उतरलं होतं. टाकळी खारी, गोडी विहीर.

मी सगळ्या रेघा एकाखाली एक लावल्या तेव्हा मला कळलं. पहिल्या रेघेत खार भयंकर होता. दुसरीत तसाच. मग हळूहळू, पावसाळ्यामागून पावसाळे जमिनीत मुरत गेले तसा, प्रत्येक रेघेत थोडा कमी. फॉस्फोनेट तर शेवटी शेवटी नावाला उरलं होतं. मास्तर दर वर्षी येत होते आणि विहिरीचं पाणी पिऊन पाहत होते. आपण बिघडवलेलं पाणी सुधरलं का ते पाहत होते. सुधरेपर्यंत त्यांना घरी यायचं नव्हतं.

केंद्रातल्या बेसिनचा नळ सोडून मी रडले. सोळा वर्षं मी समजत होते की या माणसाला माझी आठवण नाही. आणि तो दर वैशाखात माझ्यापासून तासाभराच्या अंतरावर उभा राहून, अजून नाही, असं म्हणून परत जात होता.

संध्याकाळी शेवटचा थर आला. लाळ स्वच्छ होती. काळा पापुद्रा नव्हता. आत न गंजलेला धातू उरला, आणि त्यात कुठंतरी माझ्या तळहाताचं मीठ. तिथं मी यंत्र बंद केलं. ते मला वाचायचं नव्हतं.

बापूदादाला फोन करून सांगितलं, घागर भरणार नाही, मास्तर आहेत. तो म्हणाला, यंत्राच्या भरवशावर? मी म्हटलं, दादा, तू इतकी वर्षं कायद्याच्या भरवशावर होतास, ते चाललं, मग हेही चालेल.

पण जायचं कुठं? सातपुड्याच्या पलीकडे पाड्यांची गणती नाही, आणि नाव मला कुणी सांगणार नव्हतं. एकच जागा आणि एकच वेळ मला पक्की ठाऊक होती. वैशाखात टाकळीला माणूस कशासाठी येतो? घरातला कर्ता पुरुष आखाजीला वाडवडिलांची घागर भरतो. मास्तरांनी ती चुकवली नसणार.

मी आखाजीच्या आदल्या दिवशी गेले. सोळा वर्षांनी एसटीतून उतरले तर फाट्यापासून गावापर्यंत घराघरापुढं नळ. दहा-बारा वर्षांपूर्वी नळयोजना आली आणि धरणाचं पाणी दारात आलं, हे मी केंद्राच्या नकाशात कितीदा पाहिलं होतं, पण तेव्हा टाकळी हे गाव म्हणून माझ्या डोळ्यांपुढं यायचंच नाही. माझी थोरली जाऊ कौसल्यावहिनी ओसरीवर बसून तांदूळ निवडत होती. दीर गेल्यापासून ती एकटीच राहते. मला पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन पाणी आणलं. धरणाचं, गोड.

मी विचारलं, मास्तर येतात ना? तिनं मान डोलावली. मग मी जे बोलायचं ते बोलले, आवाज चढवून बोलले, की सोळा वर्षं तू मला एक शब्द कळवला नाहीस. तिनं मला पुरतं बोलू दिलं.

"तूच सांगून गेलती, त्याचं नाव काढू नका म्हणून," ती म्हणाली. "अन् त्यानं शपथ घातली. पाणी सुधरलं का मीच जाईन म्हने, तोवर तिले सांगजो नको. आपलेच दात, आपलेच ओठ. काय करू व मी?"

मी विचारलं, गावाचं काय म्हणणं आहे?

"गावाचं काय राहते? नळ आल्यापासून त्या विहिरीत कोनी डोकावून बी पाहत नाई. पोरायले तर मालूम बी नाई का कधी गोडं पानी होतं. एकटा तोच येते अन् पेते."

हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. ज्या पापासाठी माणूस सोळा वर्षं डोंगरात बसला होता ते पाप गाव केव्हाच विसरलं होतं. ते फक्त दोघांना आठवत होतं, त्यांना आणि मला.

वहिनीनं सांगितलं, तो आखाजीला उजाडताच येते, आधी विहिरीवर जाते, मग घरी. नंतर आठवडाभर राहते. मी दुसऱ्या दिवशी पहाटेच विहिरीवर जाऊन लिंबाखाली बसले. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. यंत्रानं माणूस जिवंत आहे असं सांगितलं होतं, पण ते हिवाळ्यातलं. शिवाय तो मला पाहून वळून गेला तर? त्या वयात मी नवरीसारखी केस सारखे करत होते.

ते फाट्याकडून चालत आले. वाळले होते, डोक्यावर टोपी होती, पण चाल तीच, एक खांदा जरा पुढं. त्यांनी मला पाहिलं नाही. पिशवीतून स्वतःचा दोर काढला, बादली सोडली, ओढली, ओंजळीनं पाणी प्यायले. तोंडात घोळवून प्यायले. मग खिशातून क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र काढून बादलीत बुडवलं आणि चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचत उभे राहिले.

मी उठून त्यांच्यामागं जाऊन उभी राहिले. काय काय बोलायचं ठरवलं होतं. सोळा वर्षं मनात भांडण रचत होते, त्यातलं एक वाक्य आठवेना.

"किती आलं?" मी विचारलं.

"गेल्या वर्षापेक्षा कमी आहे," ते आकड्यावरून नजर न काढता म्हणाले. सवयीनं, जणू मी रोज विचारते. मग ते वळले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या दाढेनं. शिबिरात दिलीत ना चांदी काढून, ती माझ्याकडे आली."

त्यांचा हात आपोआप डाव्या गालाकडे गेला. परीक्षेनंतर भराव फुगला म्हणून ते पहिल्यांदा आले होते, तसाच. माझा राग तिथं संपला. त्यांनी बादलीकडे पाहिलं आणि हिशेब द्यावा तसं बोलायला लागले, की दर पावसाळ्याला थोडं थोडं कमी होतंय, आता फार राहिलं नाही, आणखी दोन पावसाळे चांगले झाले की पूर्वीसारखं होईल, मग ते येणारच होते, त्यांनी वहिनीला तसं सांगूनही ठेवलं होतं.

मी बादली उचलली आणि काठाला तोंड लावून प्यायले. जीभ आक्रसली. लग्न होऊन आले तेव्हा हीच विहीर मला गोड लागली होती.

"खारं आहे," ते म्हणाले.

"आहे," मी म्हणाले. "खारं चालतं मला, मास्तर. तुमच्यावाचून नाही चालत."

ते विहिरीच्या काठावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी शेजारी बसले. गावाकडून कुणाच्या तरी दारातला नळ सुरू झाल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी हात खाली घेतले, बादलीतलं उरलेलं पाणी पुन्हा न मोजता ओतून टाकलं, आणि दोर गुंडाळायला लागले.